मुंबई–दुबई: विमानाचे तीन तास, आणि आपले किती?

(गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी कॅम्पातल्या जेवणाच्या हॉलमध्ये जमलेल्या आपल्या लोकांपुढे केलेलं हे बोलणं. एका भावाने मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं, त्यावरून लिहून काढलं. बोलण्याची भाषा होती तशीच ठेवली आहे.)

मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे बाक रिकामा आहे. जेवण दीडला येणार, त्याच्या आत मी आटपतो.

आज मला एकाच प्रश्नावर बोलायचंय. मुंबई ते दुबई किती लांब आहे?

"तीन तास!" बरोबर. सगळे हेच सांगतात. आपण सगळ्यांनीच घरातून निघताना आईला हे सांगितलेलं असतं, बायकोला सांगितलेलं असतं, की अगं तीन तासांवर तर आहे, काही झालं तर हा आलोच. मी 2004 साली निघालो तेव्हा मीही हेच सांगितलं होतं. बाबा ओसरीवर बसले होते, ते काही बोलले नाहीत. त्यांना बहुतेक माझ्यापेक्षा हिशोब जास्त कळत होता.

आधी खरे आकडे घेऊ. मुंबई विमानतळ ते दुबई विमानतळ, आकाशातून सरळ मोजलं तर साधारण 1,930 किलोमीटर. मुंबई ते गुवाहाटी मोजा, ते 2,070 च्या आसपास निघतं. म्हणजे आपल्याच देशातलं आसाम आपल्याला दुबईपेक्षा लांब आहे. विमान उडालं की बराचसा वेळ खाली अरबी समुद्र, मग ओमानचा किनारा, डोंगर, की आलं दुबई. हवेत जेमतेम तीन तास.

जाताना आणि येताना मात्र वेळ सारखा लागत नाही, हे किती जणांनी बघितलंय? दुबईला येताना सव्वातीन, कधी साडेतीन तास धरतात, आणि मुंबईला जाताना पावणेतीन-तीन. वर उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर जोरात. घरी जाताना तो मागून ढकलतो, कामावर येताना तोंडावर येतो. आमच्या खोलीतला एक जण म्हणायचा, वाऱ्यालासुद्धा कळतं कुठे जायचं ते. असो.

आता घड्याळ. हे नीट ऐका, कारण इथे लोकांची तिकिटं बुडतात. भारताचं घड्याळ इथल्यापेक्षा दीड तास पुढे. तिकिटावर जी वेळ छापतात ती ज्या त्या गावची असते. म्हणून मुंबईहून सकाळी 10 ला सुटलेलं विमान दुबईत पावणेबाराला उतरतं असं लिहिलेलं असतं. कागदावर पावणेदोन तास, खरे सव्वातीन. उलट दुबईहून रात्री 10 ला सुटलेलं मुंबईला अडीचला उतरतं. कागदावर साडेचार तास, खरे तीन. आणि मधे तारीख बदलते. घरी सांगताना सांगायचं, "15 तारखेच्या पहाटे, म्हणजे 14 ची रात्र सरल्यावर." नाहीतर भावाने गाडी केलेली असते 15 च्या रात्रीसाठी, आणि तुम्ही बसलेले असता विमानतळाबाहेर बॅगेवर.

त्याहून वाईट म्हणजे तिकिटावर 15 तारीख, रात्री 12:40 असं असतं, आणि माणूस 15 ला दिवसभर खरेदी करून, जेवून, रात्री विमानतळावर पोचतो. विमान आदल्या रात्रीच गेलेलं. माझ्या डोळ्यांसमोर एक जण असा रडलाय. तीन वर्षांनी घरी निघाला होता. 12:40 म्हणजे 14 ला रात्री 9 लाच विमानतळावर हजर पाहिजे. तिकीट हातात आलं की त्यावर पेनाने लिहा, कॅम्पातून कुठल्या वारी, किती वाजता निघायचं. तारीख लिहू नका, वार लिहा. वार चुकत नाही.

टर्मिनलही बघा. स्वस्त विमानं बरीचशी टर्मिनल 2 वरून सुटतात, ते धावपट्टीच्या पलीकडच्या बाजूला आहे, तिथे मेट्रो जात नाही. मेट्रो 1 ला आणि 3 ला जाते. आणि मुंबईच्या बाजूला आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय, तेव्हा कुठला ते वाचून घरच्यांना सांगा.

हे झालं विमानाचं. आता माझं सांगतो.

2009 च्या मे महिन्यात बाबा गेले. पहाटे पावणेपाचला, आपल्याकडच्या वेळेने. इथे सव्वातीन. मला फोन आला तीन चाळीसला. आमची साईटची बस साडेचारला सुटायची, मी उठलेलोच होतो, तोंड धूत होतो. मोठ्या भावाने एवढंच विचारलं, "कधी पोचतोस? तसं ठरवतो." मी म्हटलं, "दुपारपर्यंत." तीन तासांचाच तर रस्ता.

माझा पासपोर्ट कंपनीत होता. सगळ्यांचाच असायचा. ऑफिस आठला उघडलं. पासपोर्टच्या कपाटाची किल्ली मंदूबकडे, आणि मंदूब गेलेला दुसऱ्या अमिरातीत कागदांच्या कामाला. तो आला एकला. मग रजेच्या अर्जावर मॅनेजरची सही पाहिजे, मॅनेजर साईटवर. सही झाली तर म्हणाले, तू परत येशील याची हमी म्हणून दुसऱ्या कोणाचा तरी पासपोर्ट आणि सही पाहिजे. माझ्या खोलीतल्या एका तेलुगू भावाने सही दिली. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची, पण त्याने दिली. पासपोर्ट हातात आला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते.

मग पैसे. सहा जणांकडून उसने. मग तिकीट, रात्री 11:20 चं. मुंबईला उतरलो पावणेचारला, बाहेर पडायला पाच. तिथून संगमेश्वर तालुका, आमची वाडी रस्त्यापासून आत. गाडीने नऊ तास लागले. घाटात एक ट्रक आडवा झाला होता. दुपारी दोनला दारात उभा राहिलो.

मी नंतर हिशोब मांडलाय, कागदावर, बरेचदा. बाबा गेल्यापासून मी दारात उभा राहीपर्यंत सव्वातेहतीस तास. त्यात विमान तीन तासांना पाच मिनिटं कमी. रस्ता नऊ तास. तिकीट काढणं, बॅग आणि दुबई विमानतळ मिळून पावणेसहा-सहा. मुंबईत इमिग्रेशनला सव्वा. आणि फोन आल्यापासून पासपोर्ट हातात पडेपर्यंत जवळजवळ चौदा तास. एका कपाटाच्या किल्लीपायी चौदा तास.

मे महिन्याचा उन्हाळा. वाडीत बर्फ कुठून आणणार? दिवेलागणीपर्यंत थांबले, मग न्यावं लागलं. अग्नी भावाने दिला. मी पोचलो तो दुसऱ्या दिवशी, राख सावडायला. सकाळी पासपोर्ट हातात असता तर सातच्या विमानाने दुपारी बाराला मुंबई, आणि रात्री नऊ-दहाला घर. थोरले काका मला नंतर म्हणाले, "नऊ काय, दहापर्यंत थांबलो असतो रे. पण नक्की सांगणारं कोणी नव्हतं."

मी हे रडगाणं म्हणून सांगत नाहीये. मला एवढंच दाखवायचंय की मुंबई–दुबईचे तीन तास कोणीच आपल्याकडून घेत नाही. घेतात ते त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे. आणि अलीकडच्यांतले बरेचसे आपल्याला आधीच वाचवून ठेवता येतात.

पहिली गोष्ट पासपोर्टची. भारताचा पासपोर्ट हा भारत सरकारच्या मालकीचा असतो, 1967 च्या पासपोर्ट कायद्यात तसं सरळ लिहिलंय. तो तुमच्या मालकाचा नाही, एजंटचा नाही, खरं म्हणजे तुमचाही नाही, तुम्हाला वापरायला दिलेला आहे. आणि इथला कामगार कायदा, 2021 चा 33 क्रमांकाचा, जो 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे, त्याच्या 13 व्या कलमात मालकाला कामगाराची सरकारी कागदपत्रं अडकवून ठेवायला मनाई आहे. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. "साहेब, सगळ्या कंपन्या ठेवतात." ठेवतात. "सांभाळून ठेवतो, खोलीत चोरी होते" असं म्हणतात, आणि चोरी होते हेही खोटं नाही. पण सांभाळायला दिलेली वस्तू मागितली की मिळाली पाहिजे, त्याच दिवशी, कारण न विचारता. तुमचा पासपोर्ट कंपनीत असेल तर या आठवड्यात एकदा मागून बघा. काही गरज नसताना मागा. किती तास लागतात ते मोजा. तो आकडा तुमच्या घराच्या अंतरात मिळवा.

देत नाहीत असं दिसलं तर कामगार मंत्रालयाचा तक्रारींचा नंबर आहे, 80084. आणि आपल्या वकिलातीचं प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्र दुबईत आहे, त्याचा फुकटचा नंबर 80046342. तो आत्ता मोबाईलमध्ये टाका. थांबतो मी.

टाकला? बरं.

एक लक्षात घ्या, यूएईतून बाहेर पडायला मालकाचा एक्झिट परमिट वगैरे लागत नाही. पासपोर्ट, चालू व्हिसा आणि तिकीट असलं, कोर्टाची किंवा पोलिसांची अडवणूक नसली, तर माणूस निघू शकतो. रजा मंजूर न करून घेता निघालात तर नोकरीचं काय होईल हा वेगळा प्रश्न, आणि तो मोठा आहे, म्हणून आता रजेकडे येतो.

नव्या कायद्यात दु:खाची रजा आहे, पगारी. नवरा किंवा बायको गेली तर पाच दिवस. आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नातवंडं, आजी-आजोबा यांच्यापैकी कोणी गेलं तर तीन दिवस. सासू-सासरे, चुलते-मामा यात नाहीत. आणि हे दिवस मोजतात ते माणूस गेल्याच्या तारखेपासून. तुम्ही घरी पोचल्यापासून नाही.

आता तुम्हीच हिशोब करा. तीन दिवसांतला पहिला दिवस निरोप मिळून निघण्यात गेला. दुसऱ्या दिवशी घरी. तिसऱ्या दिवशी परत विमानात. आपलं दहावं-तेरावं राहू द्या, धड कोणाच्या गळ्यात पडून रडायलाही वेळ नाही. कायदा लिहिणाऱ्याने नकाशात बहुतेक मुंबईपर्यंतच बघितलं असावं. संगमेश्वर, पाटण, आष्टी, गडचिरोली दिसलं नसावं. तरी आहे ते सोडू नका. मालक म्हणेल "सालाना रजेतून कापतो", तर सांगायचं की हे तीन दिवस वेगळे आहेत, आणि त्याला जोडून मला सालाना रजेतले दहा दिवस द्या. लिहून मागा, व्हॉट्सअॅपवर मागितलं तरी चालेल, पण लिहून. परत येताना मृत्यूचा दाखला बरोबर आणा, मागतात.

सालाना रजा वर्षाला 30 दिवस, पगारी. नोकरीला सहा महिने झाले पण वर्ष व्हायचंय, तर महिन्याला दोन दिवस. कधी द्यायची ते कामाच्या सोयीने मालक ठरवू शकतो, पण महिनाभर आधी सांगून. आणि साठलेली रजा दोन वर्षांपेक्षा जास्त अडवून ठेवता येत नाही, तुम्हीच पुढे ढकलायची किंवा पैसे घ्यायचे म्हटलं तर गोष्ट वेगळी. इथे आपलंही चुकतं. आपण पैसे घेतो. एक वर्ष घेतो, दोन वर्षं घेतो. घराचा स्लॅब पडायचा असतो, बहिणीचं लग्न असतं. मी कोणाला नावं ठेवत नाही, मीही घेतलेत. पण या हॉलमध्ये असे भाऊ आहेत ज्यांनी आपला मुलगा चालायला लागलेला फक्त व्हिडिओवर बघितलाय. त्यांच्यासाठी मुंबई–दुबई चार वर्षं लांब आहे.

(मागून एकाने विचारलं, रजेवर जाऊन सहा महिने राहिलं तर?) चांगला प्रश्न. यूएईच्या बाहेर सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर साधारणपणे रहिवासाचा व्हिसा रद्द होतो. तेव्हा गावी आजारी पडलात, कागद अडकले, तरी ती तारीख डोक्यात ठेवा.

तिकिटाचं बोलू. दरवर्षी घरी जायचं तिकीट कंपनीने द्यावं असं कायद्यात नाही. करारात लिहिलं असेल तर मिळतं, दोन वर्षांनी किंवा वर्षाने, जसं लिहिलं तसं. म्हणून ऑफर लेटर वाचायचं. ते अरबी-इंग्रजीबरोबर तिसऱ्या भाषेत मिळतं, हिंदीत मिळतं. मराठीत नाही. मल्याळममध्ये आहे, तमिळमध्ये आहे, मराठीत नाही, ही मागणी आपण कधीतरी एकत्र होऊन करायला पाहिजे. तूर्त हिंदीतलं मागा आणि सही करायच्या आधी तिकिटाची ओळ शोधा. "एजंट बोलला होता" याला इथे काही किंमत नाही.

नोकरी संपल्यावर परत पाठवायचा खर्च मात्र मालकाचा, तोही 13 व्या कलमात. अपवाद दोन: तुम्ही दुसऱ्या मालकाकडे कामाला लागलात, किंवा नोकरी संपायचं कारण तुमच्याकडचं असलं. कुठपर्यंत पाठवायचं? तर जिथून भरती केली तिथपर्यंत, किंवा दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणापर्यंत. आपली भरती बहुतेक मुंबईतल्या एखाद्या ऑफिसातून झालेली असते, म्हणून तिकीट मुंबईचं. पण "दोघांनी ठरवलेलं ठिकाण" हे शब्द आहेत कायद्यात, ते वापरा. सावंतवाडीच्या माणसाने मुंबईला कशाला उतरावं? गोव्यातलं मोपा त्याच्या घराजवळ आहे, तिथलं तिकीट मिळतं का विचारावं. विदर्भातल्यांनी नागपूर विचारावं. मुंबईहून नागपूर म्हणजे आठशे किलोमीटरच्या वर, दुबईहून आलात त्याच्या निम्म्याला जाईल इतकं, आणि ते रेल्वेने रात्रभर.

पलीकडचा रस्ता आपल्या हातात नाही. मुंबई–गोवा हायवेच्या रुंदीकरणाचं काम 2011 पासून ऐकतोय. माझा पुतण्या तेव्हा बालवाडीत होता, आता तो गाडी चालवतो, त्याच रस्त्यावर, त्याच खड्ड्यांतून.

आणि भाडं! गणपती, ईद, शाळांच्या सुट्ट्या, या दिवसांत तिकीट बघितलं की पोटात गोळा येतो. यामागे एक कारण आहे जे आपल्याला कोणी सांगत नाही. कुठल्या दोन देशांमध्ये किती विमानं उडवायची हे सरकारं करार करून ठरवतात. भारत आणि दुबई यांच्यात 2014 साली आठवड्याला सुमारे 65,000 जागा ठरल्या, आणि नंतर बरीच वर्षं तो आकडा हलला नाही. जाणारे वाढले, जागा तेवढ्याच. दुबईवाले वाढवा म्हणतात, दिल्लीवाले आपल्या विमान कंपन्यांचं हित बघतात. दोन्हीकडचं म्हणणं असेल बरोबर. पण या भांडणात गणपतीला घरी जाणाऱ्या प्लंबरला कोणी विचारत नाही.

पूर्वी हा रस्ता पाण्यावरचा होता, हेही तरुणांनी ऐकून ठेवावं. आमचे एक चुलत आजोबा बोटीवर खलाशी होते. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत अशी बंदरं घेत आखातात यायच्या, बसऱ्यापर्यंत. दिवसच्या दिवस डेकवर काढायचे. त्यातली 'दारा' नावाची बोट 8 एप्रिल 1961 ला दुबईच्या जवळ स्फोट होऊन पेटली, 238 माणसं गेली. शेवटची 'द्वारका', ती 1982 पर्यंत चालत होती. आजोबा सांगायचे, दुबईत तेव्हा आपलाच रुपया चालायचा. ते खरं आहे, 1966 पर्यंत इथे रिझर्व्ह बँकेने छापलेला रुपया चालत होता. तेव्हा पत्र पोचायला दिवस लागायचे, माणूस गेल्याचं महिन्याने कळायचं, आणि कळेपर्यंत सगळं आटपलेलं असायचं. आता बातमी पाच मिनिटांत येते. म्हणूनच न पोचणं जास्त बोचतं.

एक चांगलं उदाहरण सांगतो. 2023 मध्ये आपल्यातल्याच एकाची आई गेली, साताऱ्याजवळचा तो. इथे बसलाय, नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. रात्री सव्वादहाला फोन. पासपोर्ट त्याच्या खाटेखालच्या पेटीत. वेगळ्या पाकिटात तिकिटापुरते पैसे दोन वर्षांपासून बाजूला, त्यातून त्याने ना मोबाईल घेतला ना कोणाला उसने दिले, आम्ही त्याला चिक्कू म्हणायचो. मित्राने मोबाईलवरून अडीचचं तिकीट काढलं. फोरमनला आणि ऑफिसला मेसेज: आई वारली, तीन दिवस दु:खाची रजा आणि पुढे दहा दिवस सालाना, परत येण्याची तारीख अमुक. मुंबईला सकाळी सातच्या आधी उतरला, पुढे रस्त्याने पाच तास. पाऊण वाजता घरात. तेरा तास. भावाने फोनवरच लोकांना सांगून ठेवलं होतं, एक वाजेपर्यंत येतोय, थांबा. थांबले. तेच विमानतळ, तेच तीन तास.

त्याच्याकडे काय जास्त होतं सांगा. पगार माझ्याएवढाच.

आता थोडं त्यांच्याबद्दल, जे या हॉलमध्ये येऊ शकत नाहीत. खल्लीवल्ली झालेले. मालकाने पगार दिला नाही म्हणून पळाले, व्हिसा संपला, मग दिवसाला 50 दिरहम दंड चढत गेला. दोन वर्षांत तो आकडा माणूस आयुष्यात कमवणार नाही एवढा दिसायला लागतो. त्यांच्यासाठी विमानतळ समोर दिसतो, वरून विमानं जाताना दिसतात, पण जाता येत नाही. 1 सप्टेंबर 2024 पासून सरकारने माफी लागू केली होती, आधी दोन महिने, मग 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. त्या वेळी दंड न भरता घरी जाता आलं. कितीतरी जणांना कळलंच नाही, कळलं तर भीती वाटली की पकडायला बोलावतायत. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर त्याला साहाय्यता केंद्राचा तोच नंबर द्या. तिथे विचारल्याने कोणी पकडत नाही. गरजू लोकांच्या तिकिटासाठी, वकिलासाठी दूतावासांकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो आपल्याच कागदांच्या फीमधून जमा होतो, उपकार नाहीत.

आणि शेवटचं, जे कोणाला ऐकायचं नसतं. आपण ज्या भागात राहतो त्याला आपण सोनापूर म्हणतो, कागदावर मुहैसना. हिंदीवाले सांगतात, सोन्याचं गाव. जुन्या मुंबईच्या माणसाला विचारा सोनापूर म्हणजे काय. मरीन लाइन्सचं मसणवट. आणि योगायोग बघा, दुबईत मरण पावलेल्या परदेशी माणसाला घरी पाठवण्याआधी जिथे औषध भरून तयार करतात ते केंद्रही याच मुहैसनात आहे. तोही माणूस त्याच तीन तासांच्या विमानाने जातो, फक्त खालच्या भागात, कार्गोमध्ये. आधी हॉस्पिटलचा कागद, पोलिसांचा कागद, मृत्यूचा दाखला, वकिलातीकडून पासपोर्ट रद्द आणि ना-हरकत, मग ते केंद्र, मग कार्गोचं बुकिंग. हे करायला कोणीतरी पायाने फिरावं लागतं. सुट्टी मधे आली तर दिवस वाढतात.

म्हणून दोन गोष्टी करा. ज्यांचा पासपोर्ट ईसीआरचा आहे, म्हणजे जे दहावी न होता आले, त्यांचा येताना प्रवासी भारतीय विमा काढलेला असतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख रुपये. तो दोन किंवा तीन वर्षांचाच असतो, संपला की पुन्हा भरावा लागतो, हप्ता तीनशे-चारशे रुपयांच्या घरात. तुमचा संपलाय का बघा. मला खात्री आहे निम्म्यांचा संपलाय. दुसरं, घरचा एक नंबर आणि पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाचा फोटो तुमच्या खोलीतल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. मोबाईलला लॉक असतं, माणूस बेशुद्ध पडला की लॉक उघडत नाही, आणि मग आपण एकमेकांना विचारत बसतो, ह्याचं गाव कुठलं रे?

बास, दीड वाजत आला, वास यायला लागलाय. मागच्या टेबलावर कोरे कागद आणि पेनं ठेवली आहेत. जेवून झालं की ज्याला जमेल त्याने स्वत:चा हिशोब लिहायचा: खाटेपासून घराच्या दारापर्यंत किती तास. पासपोर्ट कुठे आहे, तो मिळायला किती, विमानतळ, विमान, मुंबईहून पुढे एसटी की गाडी, वाडीचा शेवटचा रस्ता पायी किती. ज्यांना लिहायला अडचण आहे त्यांनी माझ्याकडे या, मी लिहून देतो. आणि ज्यांचा पासपोर्ट कंपनीत आहे त्यांनी आत्ता हात वर करा, मोजून घेतो.

(एकशे बारा जण होते. एकोणसत्तर हात वर आले.)